संघटनाविकास म्हणजे काय? पांढुर्णा-सौंसरच्या निमित्ताने एक ओळख

कारखाना, सहकारी संस्था, शेतकऱ्यांची कंपनी किंवा तीन पिढ्या चालत आलेली पेढी बदलत्या काळात टिकून राहावी, यासाठी तिची कामाची रीत, अधिकारांची वाटणी आणि तेथील माणसांचे परस्परसंबंध योजनापूर्वक सुधारण्याच्या प्रयत्नाला ‘संघटनाविकास’ म्हणतात. या कामी बाहेरून मदत करणाऱ्याला संघटनाविकास सल्लागार असे नाव आहे. नवे यंत्र बसवणारा अभियंता, हिशेब तपासणारा लेखापाल आणि कायदा सांगणारा वकील यांच्यापेक्षा त्याचे काम वेगळे असते. यंत्र, हिशेब आणि कायदा जागेवर असूनही संस्था का चालत नाही, या प्रश्नापासून त्याची सुरुवात होते.

हा विषय महानगरांतील बड्या कंपन्यांपुरता आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्याची सर्वाधिक गरज लहान शहरांना भासते, कारण तेथे एक कारखाना बंद पडला तर दुसरा दारात उभा नसतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक पट्ट्याच्या उदाहरणातून हा विषय समजून घेणे म्हणूनच सोयीचे ठरते.

सीमेवरचा मराठी मुलूख

गोमंतकीय वाचकाला पांढुर्णा हे नाव कदाचित परिचयाचे नसेल. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द ओलांडताच हे शहर लागते. सौंसर हे नागपूर-छिंदवाडा मार्गावरील गाव. एका बाजूला काटोल, नरखेड, वरुड, सावनेर ही विदर्भातील गावे आणि दुसऱ्या बाजूला सातपुड्याचे डोंगर, अशा पट्ट्यात ही दोन्ही शहरे वसली आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्या दक्षिण भागातील मराठी माणूसही तेथेच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला.

या पट्ट्याचे अर्थकारण दोन खांबांवर उभे आहे. एक कापूस-संत्र्याची शेती आणि दुसरा सौंसर तहसिलीतील बोरगावचे औद्योगिक क्षेत्र. दोन्हींची रचना वेगळी आणि दुखणीही वेगळी. मात्र दोन्ही ठिकाणी कळीचा प्रश्न एकच आहे. बदल ठरवणारे कोण आणि तो अंगावर घेणारे कोण, यांच्यातील अंतर किती असावे?

शास्त्राची सुरुवात: शिलाईच्या कारखान्यातून

संघटनाविकासाचा पाया घालणाऱ्यांत जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांचे नाव प्रथम घेतले जाते. कोणत्याही समूहाची रीत बदलायची तर आधी जुनी घडी सैल करावी लागते, मग बदल करावा लागतो आणि शेवटी नवी घडी पक्की बसवावी लागते, हा त्यांचा तीन पायऱ्यांचा विचार आजही शिकवला जातो. व्यवहारात मधल्या पायरीवरच सारा जोर दिला जातो आणि पहिली व तिसरी उरकून घेतली जाते. बहुतेक योजना फसतात त्या तेथेच.

लेविन यांच्या प्रभावाखाली व्हर्जिनियातील हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कंपनीत झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलली की कामगार नाराज होत, उत्पादन घटे आणि अनेक जण नोकरी सोडत. संशोधकांनी एका गटाला नेहमीप्रमाणे नवी पद्धत नुसती सांगितली. इतर गटांना बदलाची गरज समजावून देऊन नवी पद्धत आखण्यात सहभागी केले. पहिल्या गटातील १७ टक्के कामगारांनी चाळीस दिवसांत काम सोडले. सहभागी गटांतून कोणीही गेले नाही आणि त्यांचे उत्पादन लवकरच पूर्वपदावर येऊन पुढेही गेले. यंत्रे तीच होती, कापडही तेच होते. फरक होता तो बदलाच्या आखणीत कामगाराला जागा होती की नव्हती, एवढाच.

पुढे १९६९ मध्ये रिचर्ड बेकहार्ड यांनी या शास्त्राची व्याख्या रूढ केली. प्रयत्न योजनाबद्ध असावा, तो एका विभागापुरता न राहता सबंध संस्थेला व्यापणारा असावा, वरिष्ठांचा त्याला सक्रिय पाठिंबा असावा आणि संस्थेची कार्यक्षमता व प्रकृती दोन्ही सुधारणे हा त्याचा हेतू असावा, हा तिचा गाभा. यातील ‘प्रकृती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नफा वाढूनही संस्था आजारी असू शकते, हे त्यात गृहीत आहे.

अहमदाबादचा माग

भारतात या विचाराचा पहिला मोठा प्रयोग कापड गिरणीतच झाला. अहमदाबादच्या कॅलिको मिल्सचे गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांना सल्लागार म्हणून बोलावले. राइस यांनी १९५३ मध्ये गिरणीच्या स्वयंचलित मागांच्या खात्यात काम सुरू केले. माग नवे होते, पण उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते आणि कापडात दोष फार राहत होते.

राइस यांना दिसले ते असे. विणकराकडे मागांची एक संख्या, कांड्या भरणाऱ्याकडे दुसरी, तुटलेला ताणा सांधणाऱ्याकडे तिसरी. बारा प्रकारची कामे होती, पण अमुक माग अमुक माणसांच्या जबाबदारीचे, असे कोणालाच म्हणता येत नव्हते. दोष सापडला की बोट दुसऱ्याकडे वळे. ठरावीक मागांसाठी एक छोटा, सर्व कामे मिळून पाहणारा गट असावा, अशी सूचना राइस यांनी मांडली. तपशील त्यांनी लादला नाही. कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी ती कल्पना आपलीशी करून गट स्वतःच बनवले. मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास होती, ती ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० मध्ये तेथे जाऊन पुन्हा पाहणी केली. गटपद्धती काही ठिकाणी टिकून होती आणि इतरत्र हळूहळू विरून जुनी रीत परत आली होती. सल्लागार निघून गेल्यावर बदलाचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून या शास्त्राच्या केंद्रस्थानी आहे.

कारखान्याच्या आवारातून हा विचार कार्यालयात पोहोचण्याचे श्रेय बऱ्याच अंशी उदय पारीक आणि टी. व्ही. राव या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील अध्यापकांकडे जाते. लार्सन अँड टुब्रो कंपनीने सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्यांच्याकडून आपल्या मूल्यमापन पद्धतीचा अभ्यास करून घेतला. त्यातून मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि पुढे देशभर असे विभाग निघाले.

तारापूरचा धडा

सल्ल्याचा उपयोग खरोखर होतो का, हे मोजण्याचा मोठा प्रयत्न मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव येथील कापड कारखान्यांत झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून कुटुंबांच्या मालकीच्या १७ कंपन्यांतील २० कारखाने अभ्यासासाठी निवडले. सर्वांना आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थेकडून महिनाभराचे निदान मोफत मिळाले. त्यांपैकी १४ कारखान्यांना आणखी चार महिने अंमलबजावणीसाठी मदत मिळाली.

शिफारशी साध्या होत्या. सुताच्या साठ्याची नोंद ठेवा, यंत्रे बिघडण्यापूर्वी तपासा, दोषांची रोज नोंद करून त्यांवर बैठक घ्या, आवार झाडून सुटे भाग जागच्या जागी लावा. अशा ३८ पद्धतींपैकी सुरुवातीला साधारण चतुर्थांश पाळल्या जात होत्या. मदत मिळालेल्या कारखान्यांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे गेले. पहिल्याच वर्षी त्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत त्यांच्या मालकांनी इतरांपेक्षा अधिक नवे कारखाने उघडले.

इतका फायदा होता तर मालकांनी हे आधीच का केले नाही? अभ्यासकांना आढळलेले मुख्य कारण म्हणजे माहितीचा अभाव. आपला कारखाना शेजाऱ्याच्या तोडीचा आहे, म्हणजे ठीक आहे, अशी मालकांची खात्री होती. दुसरे कारण कुटुंबाचे. विश्वास फक्त घरच्यांवर असल्याने जितके मुलगे आणि भाऊ, तितकाच व्यवसायाचा विस्तार, अशी मर्यादा पडली होती.

आठ-नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या गळून गेल्या होत्या. गळती मुख्यतः दोन कारणांनी झाली. कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, अथवा मालकाने लक्ष देणे सोडले. तरीही मदत मिळालेले कारखाने न मिळालेल्यांच्या पुढेच होते. म्हणजे सल्ल्याने फरक पडतो, पण तो एका माणसाच्या खांद्यावर ठेवला तर त्या माणसाबरोबर निघूनही जातो.

बोरगाव: बंद होणे आणि उभे राहणे

कापडाचा हा धागा सौंसर तहसिलीपर्यंत येतो. बोरगाव औद्योगिक क्षेत्रात, नागपूरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर, रेमंड कंपनीचा मोठा कारखाना आहे. लोकरीचे आणि मिश्र धाग्यांचे सुटाचे कापड तेथे तयार होते. तो १९९१ मध्ये, म्हणजे देशाने आर्थिक उदारीकरण स्वीकारले त्याच वर्षी, सुरू झाला. कारखान्याच्या वसाहतीला कैलासनगर हे नाव आहे.

रेमंडची कहाणी हे एका भारतीय कंपनीने वारंवार कात टाकल्याचे उदाहरण आहे. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ लोकरीची छोटी गिरणी म्हणून तिचा आरंभ झाला. १९४४ मध्ये ती कैलासपत सिंघानिया यांच्याकडे आली. पुढे कंपनीने सिमेंट, पोलाद असे अनेक उद्योग जोडले आणि २००० च्या सुमारास ते विकून टाकून पुन्हा कापड व कपडे यांवर लक्ष केंद्रित केले. २००९ मध्ये ठाण्याची मूळ गिरणी बंद झाली. तिच्या जमिनीवर २०१९ पासून कंपनीने घरबांधणी सुरू केली. २०२३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय गोदरेज कन्झ्युमरला २,८२५ कोटी रुपयांना विकला गेला. २०२४ मध्ये कापड-कपड्यांचा व्यवसाय रेमंड लाइफस्टाइल या नावाने, तर २०२५ मध्ये बांधकाम व्यवसाय रेमंड रिअल्टी या नावाने शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदवला गेला.

भागधारकाच्या दृष्टीने हे पुनरुज्जीवन आहे. ठाण्यातील गिरणी कामगाराच्या दृष्टीने तो एका गावाच्या ओळखीचा शेवट होता. सौंसर परिसरात याच कंपनीचा कारखाना म्हणजे घराजवळ मिळणारा महिन्याचा पगार. एकाच निर्णयमालिकेचे हे तीन अर्थ आहेत आणि ‘व्यवसायाचे पुनरुज्जीवन’ हा शब्द वापरताना ते तिन्ही ध्यानात ठेवावे लागतात. कंपनी टिकली याचा अर्थ प्रत्येक गाव टिकले, असा होत नाही. संघटनाविकासाने ज्याला ‘प्रकृती’ म्हटले ती नेमकी कोणाची, हे सल्लागाराने पहिल्याच दिवशी विचारायला हवे.

ऋतूंच्या चालीने चालणाऱ्या मुलखात तीन पाळ्यांचा कारखाना चालवणे हीदेखील एक संघटनात्मक गोष्ट आहे. पोळा, पेरणी, कापसाची वेचणी, संत्र्याचा तोडा आणि लग्नसराई या काळात गैरहजेरी वाढू शकते. ती शिस्तभंग समजून दंड करायचा, की पाळ्यांची आखणीच कामगारांना विचारून आधी करायची? पहिल्या मार्गाने हजेरीपट भरतो. दुसऱ्याने हारवुडमध्ये दिसले ते घडण्याची शक्यता असते. मोठ्या कारखान्याभोवती दुरुस्ती, वाहतूक, उपाहारगृहे, सुटे भाग पुरवणारे असे जे छोटे व्यवसाय उभे राहतात, त्यांचे भवितव्यही अशाच निर्णयांना बांधलेले असते. एकाच ग्राहकावर विसंबून असलेल्या अशा व्यवसायांना सल्ल्याची गरज सर्वांत अधिक असते आणि तो परवडतो सर्वांत कमी.

संत्र्याची बाग आणि शेतकऱ्यांची कंपनी

पांढुर्ण्याचा दुसरा खांब संत्र्याचा. येथील संत्रा जातीने नागपुरीच. आंबिया आणि मृग असे त्याचे दोन बहर. फळ झाडावर असतानाच अख्खी बाग व्यापाऱ्याला ठोक भावाने देऊन टाकण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे. शेतकऱ्याला एकरकमी पैसा मिळतो आणि तोडणी, वाहतूक, भावातील चढउतार यांची जोखीम व्यापाऱ्याकडे जाते. प्रतवारी, साठवण आणि ग्राहकाशी संबंध या तिन्ही गोष्टी मात्र त्याबरोबरच शेतकऱ्याच्या हातून निसटतात. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क २०१९ मधील किलोमागे २० टक्यांवरून २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेले, तेव्हा एकाच बाजारपेठेवर भिस्त ठेवण्याचा धोका सगळ्या संत्रापट्ट्याला कळला.

शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतः विक्री करावी यासाठी कायद्याने उत्पादक कंपनीचा मार्ग खुला केला आहे. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात तशी दुरुस्ती झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा १० हजार संस्था उभ्या करण्याची ६,८६५ कोटी रुपयांची योजना सुरू केली. तिच्यात प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य, प्रत्येक सभासदामागे २ हजार रुपयांपर्यंत आणि संस्थेला कमाल १५ लाख रुपयांपर्यंत समभाग अनुदान, अशी तरतूद आहे. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासदांची अट आहे.

याच योजनेत ‘समूहाधारित व्यवसाय संस्था’ हा घटक आहे. या संस्थांनी शेतकऱ्यांच्या कंपनीला पाच वर्षे हाताला धरून चालवायचे असते. नाव काहीही दिले तरी हे संघटनाविकास सल्लागाराचेच काम आहे. नोंदणी, लेखापरीक्षण आणि व्यवसाय आराखडा यांपाशी ते थांबले तर कागदावरची कंपनी तयार होते. शेतकऱ्यांच्या कंपनीची खरी परीक्षा तोड्याच्या दिवशी होते. प्रतवारी कोण करणार? संचालकाच्या बागेतील डागी फळाला तोच निकष लागणार का? पैसे आधी कोणाला मिळणार? बाहेरचा व्यापारी किलोला दोन रुपये अधिक देऊ लागला तर सभासद कंपनीकडे राहील का, आणि न राहिल्यास त्याला काय सांगायचे? या प्रश्नांची उत्तरे हंगामाआधी सर्वांनी मिळून ठरवलेली नसतील, तर पहिल्या मंदीतच सभासद पांगतात.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने द्राक्षांपासून सुरू झालेली ही कंपनी पुढे इतर फळे, भाजीपाला आणि प्रक्रियेकडे वळली. तेथील शीतगृहे पाहून यावे, असे अनेकांना वाटते. पाहण्यासारखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निकष, नोंदी आणि जबाबदारी यांची शिस्त. शीतगृह अनुदानातून बांधता येते, ही शिस्त मात्र प्रत्येक गावाला स्वतःच बसवावी लागते.

सल्लागार नेमके काय करतो?

एडगर शाइन यांनी सल्ल्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत. पहिली तज्ज्ञाची. ग्राहकाला आपली गरज ठाऊक असते आणि तो ती विकत घेतो. दुसरी वैद्याची. ग्राहक लक्षणे सांगतो, सल्लागार निदान करून औषध देतो. तिसरी प्रक्रियेची. निदानही ग्राहकाने स्वतः करावे, यासाठी सल्लागार त्याला साथ देतो. संघटनाविकासाचा भर तिसऱ्या तऱ्हेवर असतो, कारण स्वतः शोधलेला दोष माणूस सहसा नाकारत नाही.

कामाचे टप्पे साधारण असे असतात.

करार: काय साधायचे, किती काळात, कोणती माहिती गुप्त राहील आणि अहवाल कोणाला मिळेल, हे लेखी ठरवणे.

निदान: मालकापासून पाळीच्या कामगारापर्यंत सर्वांशी बोलणे, नोंदी पाहणे, काम चालू असताना शांतपणे निरीक्षण करणे.

परतबोध: जे आढळले ते, कोणाचे नाव उघड न करता, त्याच लोकांसमोर मांडणे. अनेकदा हीच सर्वांत अवघड बैठक असते.

कृती: एका खात्यात किंवा एका हंगामात प्रयोग करून पाहणे, मग विस्तार.

मूल्यमापन आणि निरोप: काय बदलले ते मोजणे आणि सल्लागाराशिवाय काम चालेल, अशी दोन-तीन माणसे आत तयार करून बाहेर पडणे.

या सर्वांत पांढुर्णा-सौंसरसारख्या ठिकाणी एक अडचण जास्तीची असते. घरची भाषा मराठी, सरकारी कचेरीची हिंदी आणि कंपनीच्या अहवालाची इंग्रजी. निदानाच्या मुलाखती तिसऱ्या भाषेत झाल्या तर कामगार ‘सब ठीक है’ म्हणून मोकळा होतो. पाळी संपल्यावर चहाच्या टपरीवर वऱ्हाडी वळणाच्या मराठीत तो जे बोलतो, ते अहवालात येतच नाही. माणूस तक्रार आपल्या भाषेत करतो आणि उपाय बहुधा त्या तक्रारीतच दडलेला असतो. सल्लागाराला ती भाषा येत नसेल तर येणाऱ्याला सोबत घेणे हा सौजन्याचा भाग न मानता निदानाचाच भाग मानला पाहिजे.

बाहेरून आलेला बदल

पांढुर्ण्याची गोटमार देशभर ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन बाजूंचे लोक एकमेकांवर दगडफेक करतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात आणि काहींनी आजवर प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत आणि दगड परत आले. हेतू निर्विवाद चांगला होता, उपायही सोपा होता. पण दोन गावांच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ काय आणि तो राखून इजा कशी टाळता येईल, हे त्यांच्यासोबत बसून ठरवल्याशिवाय वस्तूची अदलाबदल टिकत नाही. कारखान्यात नवे हजेरी यंत्र किंवा संगणक प्रणाली बसवून ‘बदल झाला’ असे जाहीर करणाऱ्या व्यवस्थापनाला हे उदाहरण उपयोगी पडावे.

याचा अर्थ प्रत्येक विरोध योग्य असतो, असा नाही. विरोधात भीती असते, हितसंबंध असतात आणि कधी निव्वळ आळसही असतो. मात्र त्यात अनुभवही असतो. कोणत्या विरोधात काय आहे, हे वेगळे करून पाहणे हे सल्लागाराचे कौशल्य.

या शास्त्राच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. कच्च्या मालाचा भाव, आयात शुल्क, पावसाचा लहरीपणा यांवर कोणत्याही बैठकीत उपाय सापडत नाही. कॅलिकोमधील प्रयोग नावाजला गेला, तरी विसाव्या शतकाच्या अखेरीस ती गिरणी बंद पडलीच. शिवाय, आधीच ठरवलेली कामगारकपात गोड शब्दांत मांडण्यासाठी सल्लागाराला पुढे करण्याचे प्रकारही होतात. त्याला संघटनाविकास म्हणता येणार नाही.

गोव्याच्या संदर्भात

गोव्याला हा विषय परका नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ मध्येही हा फटका बसलाच होता. ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले, खाणपट्ट्यातील दुकानदार अशा असंख्य कुटुंबांच्या व्यवसायांना एका रात्रीत नवी दिशा शोधावी लागली. त्या वेळी चर्चा झाली ती नुकसानभरपाईची आणि खाणी पुन्हा कधी सुरू होणार याची. व्यवसाय बदलण्यासाठी लागणाऱ्या मार्गदर्शनाची चर्चा फारशी झाली नाही. तारापूरच्या कारखानदारांप्रमाणे गोव्यातही बहुतांश उद्योग कुटुंबाच्या हाती आहेत. मालकाची, पर्यवेक्षकाची आणि कामगाराची भाषा वेगवेगळी असण्याचा अनुभव तर येथील प्रत्येक औद्योगिक वसाहतीला आहे.

लहान उद्योगांना सल्ल्याचा खर्च झेपत नाही, हे खरे आहे. त्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ‘लीन’ योजना आहे. मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या या योजनेत सल्लागाराच्या मार्गदर्शनाचा ९० टक्के खर्च सरकार उचलते. अपव्यय कमी करणे, जागेची मांडणी, यंत्रांची देखभाल, उत्पादनातील दोष घटवणे हे तिचे विषय तारापूरच्या यादीशी बरेच मिळतेजुळते आहेत.

सल्लागार नेमण्यापूर्वी मालकाने किंवा संचालक मंडळाने स्वतःला काही प्रश्न विचारून घ्यावेत. निदानात आपलाच दोष निघाला तर तो सर्वांसमोर ऐकण्याची तयारी आहे का? कोणता अधिकार आपण प्रत्यक्षात खाली सोडणार आहोत? सल्लागार गेल्यावर दैनंदिन बैठक कोण घेणार, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच्या जागी कोण? बदलामुळे कोणाचे काम जाणार असेल तर त्याला ते कधी आणि कोण सांगणार? यांची उत्तरे नसतील तर महागडा अहवाल कपाटात जाऊन पडतो.

पांढुर्णा जिल्हा अजून नवा आहे. त्याची कार्यालये, बाजार समितीची घडी, शेतकऱ्यांच्या कंपन्या, बोरगावभोवतालचे पूरक उद्योग अशा अनेक संस्थांची रीत या काही वर्षांत ठरते आहे. बसलेली घडी मोडण्यापेक्षा ती बसत असताना नीट बसवणे सोपे असते. ज्यांना त्या रीतीत राहायचे आहे, त्या सौंसरच्या कामगाराला आणि पांढुर्ण्याच्या बागायतदाराला आताच, त्यांच्या भाषेत विचारले गेले, तर आणखी वीस वर्षांनी तेथे बाहेरचा सल्लागार बोलावण्याची वेळ कमी वेळा येईल.